विवेकाचा अधिकार आणि भाकरीचा अधिकार : ना. म. जोशी यांचे युद्धकाळातील कायदेमंडळीय कार्य

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



चौक, खालापूर, कर्जत या भागातून व्यापारानिमित्त मुंबईस जाणाऱ्यांना लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग परिचित आहे. पूर्वी हाच रस्ता डिलाईल रोड म्हणून ओळखला जाई. गिरण्यांची धुराडी आणि बी. डी. डी. चाळी यांच्या सान्निध्यातून जाणाऱ्या या रस्त्यास ज्यांचे नाव मिळाले ते नारायण मल्हार जोशी आपल्याच जिल्ह्याचे सुपुत्र होते, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. ५ जून १८७९ रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे त्यांचा जन्म झाला. हे गोरेगाव म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे गोरेगाव होय. हिंदी कामगार चळवळीचे आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचा गौरव होतो व तो यथार्थच आहे. तथापि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी जे कार्य केले, त्याचे स्मरण क्वचितच होते. आजचा विषय तोच आहे.

हा विषय जैन समाजाच्या व्यासपीठावर मांडण्यास कारण आहे. अहिंसा हे ज्या धर्माचे पहिले व्रत, त्याच्या अनुयायांना एक प्रश्न टाळता येत नाही. राज्यसत्ता युद्धात उतरली आणि एखादा मनुष्य, ‘माझी सदसद्विवेकबुद्धी मला या युद्धात साहाय्य करू देत नाही’ असे म्हणाला, तर त्याचे काय व्हावे? आणि त्याच्या वतीने बोलण्याचे धाडस कोणी करावे? ज्याचे मत त्याच्यासारखेच आहे त्यानेच, की ज्याचे मत वेगळे आहे त्यानेही? नारायणरावांच्या युद्धकालीन कार्यात या प्रश्नांचे एक उत्तर सापडते.

प्रथम त्यांच्या जीवनाकडे थोडक्यात पाहू. पुण्यास शिक्षण घेऊन पदवीधर झाल्यावर त्यांनी काही वर्षे शिक्षकाचा पेशा पत्करला. १९०९ मध्ये ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात दाखल झाले. या समाजाच्या सदस्याने अल्प वेतनावर राहून आयुष्य देशसेवेस वाहावयाचे असे. जैन परिभाषेत बोलावयाचे तर परिग्रहाचे परिमाण स्वखुशीने बांधून घेण्याचाच हा प्रकार होता. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. गिरणगावातील कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने व सहकारी पतपेढ्या या संस्थेमार्फत उभ्या राहिल्या. कोकणातून पोटासाठी मुंबईस गेलेला मनुष्य कर्ज, दारू आणि आजार यांच्या कचाट्यात कसा सापडतो, हे त्यांनी चाळीचाळींतून पाहिले होते. मुंबईच्या ज्या गिरण्यांना १९१५ पासून आपल्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज मिळू लागली, त्याच गिरण्यांतून या जिल्ह्याची कित्येक माणसे राबत होती.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहिले. १९२० मध्ये लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली, तीत त्यांचा पुढाकार होता. १९२१ पासून सरकारने त्यांची कामगारांचे प्रतिनिधी म्हणून मध्यवर्ती कायदेमंडळावर नियुक्ती केली आणि पुढे दोन तपांहून अधिक काळ ते तेथे राहिले. नियुक्त सभासद म्हणजे सरकारच्या बाजूने हात वर करणारा मनुष्य, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती. नारायणरावांनी ती खोटी ठरविली.

पहिल्याच वर्षी, मार्च १९२१ मध्ये, त्यांनी कामगार संघांच्या नोंदणीसाठी व संरक्षणासाठी कायदा करावा असा ठराव मांडला. मद्रासच्या बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या प्रकरणी कामगार पुढाऱ्यांविरुद्ध न्यायालयाने मनाई हुकूम काढला होता. मजुरांनी एकत्र येणे हाच जणू अपराध ठरू पाहत होता. त्या ठरावाचे फळ म्हणून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. तत्पूर्वी १९२३ मध्ये कामावर अपघात झालेल्या कामगारास भरपाई देण्याचा कायदा झाला. १९२४ मध्ये त्यांनी स्त्री कामगारांना प्रसूतिकाळात साहाय्य मिळावे यासाठी विधेयक आणले, परंतु ते फेटाळले गेले. मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये असा कायदा केला. खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी तो देशपातळीवर व्हावयास १९४१ साल उजाडले. पहिल्या विधेयकापासून सतरा वर्षे लोटली होती. कायदेमंडळात फळ पाहण्यासाठी किती धीर लागतो, याचे हे उदाहरण होय.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात सामील झाल्याचे घोषित केले. लोकप्रतिनिधींना त्याबाबत विचारले गेले नव्हते. त्याच महिन्यात भारत संरक्षण कायदा संमत झाला आणि त्याखालील नियमांनी सरकारच्या हाती चौकशीविना स्थानबद्ध करण्याचे अधिकार आले. निषेध म्हणून प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई इलाख्याच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते आपल्या समाजाचे थोर पुढारी अण्णासाहेब लठ्ठे. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या अण्णासाहेबांनीही नोव्हेंबर १९३९ मध्ये सहकाऱ्यांसमवेत अधिकारपद सोडले. त्याच मंत्रिमंडळाच्या काळात दुकाने व आस्थापनांतील नोकरांच्या कामाचे तास ठरविणारा देशातील पहिला कायदा मुंबई इलाख्याने केला होता. व्यापारी वर्गातील मंडळींनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

येथे इंग्लंडकडे दृष्टी टाकणे उद्बोधक ठरेल. तेथे पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला तेव्हाच सदसद्विवेकबुद्धीच्या कारणाने शस्त्र धरण्यास नकार देण्याची तरतूद त्यात ठेवण्यात आली. सुमारे १६ हजार लोकांनी तसा नकार दिला. त्यांपैकी पुष्कळांचा छळ झाला, हजारो तुरुंगात गेले. त्या अनुभवातून शहाणे होऊन १९३९ च्या कायद्यात अशा अर्जांची सुनावणी करणारी खास न्यायाधिकरणे नेमली गेली. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ६० हजार लोकांनी तेथे अर्ज केले. कोणास संपूर्ण सूट मिळाली, कोणास शेती, रुग्णालय वा अन्य नागरी सेवा नेमून देण्यात आली, कोणाचे अर्ज फेटाळले गेले. बॉम्ब पडत असतानाही त्या देशाच्या कायद्याने विवेकास एक दार उघडे ठेवले होते.

हिंदुस्थानात हिंदी माणसांसाठी सक्तीची लष्करभरती नव्हती, म्हणून असे न्यायाधिकरणही नव्हते. परंतु युद्धाविरुद्ध चार शब्द बोलणारास तुरुंग होता. हा भेद लहान नव्हे. इंग्लंडमध्ये बंदूक नाकारणाराचे म्हणणे ऐकून घेण्याची सोय होती. येथे नुसता उच्चार हाच गुन्हा ठरत होता.

या परिस्थितीत महात्मा गांधींनी वैयक्तिक सत्याग्रह आरंभिला. पहिले सत्याग्रही म्हणून त्यांनी विनोबा भावे यांची निवड केली. विनोबाही आपल्याच जिल्ह्याचे, पेण तालुक्यातील गागोदे गावचे. पुढे १९७४ मध्ये जैन धर्माच्या सर्व संप्रदायांना मान्य असा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ सिद्ध झाला तो त्यांच्याच प्रेरणेने, आणि १९८२ च्या दीपावलीस, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, अन्नपाणी वर्ज्य करून त्यांनी देह ठेवला, हे आपण जाणताच. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबांनी युद्धविरोधी भाषण केले व काही दिवसांतच त्यांना अटक झाली. या सत्याग्रहाची पद्धत अत्यंत संयमी होती. सत्याग्रहीने आपले स्थळ व वेळ अधिकाऱ्यांना आगाऊ कळवावयाची, पैसा वा माणूस देऊन या युद्धास साहाय्य करणे अयोग्य होय एवढेच लोकांसमोर सांगावयाचे आणि शांतपणे शिक्षा पत्करावयाची. जमाव नाही, दगड नाही, शिवी नाही. तरीही पुढील काही महिन्यांत सुमारे २५ हजार स्त्री-पुरुषांना शिक्षा झाल्या.

नारायणराव स्वतः सत्याग्रही नव्हते. ते गोखल्यांच्या परंपरेतील सनदशीर मार्गाचे पुरस्कर्ते. कायदेभंग हा त्यांचा मार्ग कधीच नव्हता. साम्यवादी मंडळींशी तर त्यांचे मतभेद इतके तीव्र होते की १९२९ मध्ये नागपूर अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेस दुभंगली तेव्हा ते बाहेर पडले होते. पुढे ऐक्य झाले आणि १९४० पासून ते पुन्हा सरचिटणीस झाले. ऐक्याच्या वेळी एक शहाणपणाची अट घालण्यात आली होती : राजकीय स्वरूपाचा कोणताही निर्णय तीन चतुर्थांश बहुमताखेरीज होऊ नये. या अटीमुळे युद्धाच्या प्रश्नावर कोणाही एका गटास आपले मत सर्व संघटनेवर लादता आले नाही. कोणी युद्धाचे कट्टर विरोधक, कोणी पाठीराखे, कोणी तटस्थ. १९४२ च्या कानपूर अधिवेशनात युद्धास पाठिंबा देणाऱ्या ठरावास आवश्यक तेवढे बहुमत मिळाले नाही. मते भिन्न राहिली, पण घर मोडले नाही. आपल्या दर्शनातील अनेकांताचा विचार ज्यांना परिचित आहे, त्यांना या व्यवस्थेचे मर्म सहज उमगेल. दुसऱ्याच्या म्हणण्यास सत्याचा एखादा अंश असू शकतो, हे मान्य करून नियम बांधणे हे केवळ सौजन्याहून अधिक कठीण काम आहे.

युद्धकाळात काँग्रेसचे सभासद मध्यवर्ती कायदेमंडळाच्या बैठकांपासून बहुधा दूर राहिले. नोव्हेंबर १९४० मध्ये ते परत आले आणि युद्धखर्चासाठी आणलेले पुरवणी अर्थविधेयक ५५ विरुद्ध ५३ मतांनी फेटाळले गेले. व्हाइसरॉयनी ते आपल्या विशेषाधिकाराने अमलात आणले. नंतर बाके पुन्हा रिकामी झाली. बाहेरचे बरेचसे नेते तुरुंगात होते. अशा सभागृहात सरकारनियुक्त जोशी उभे राहून सरकारलाच स्थानबद्धांविषयी प्रश्न विचारीत होते. ज्यांनी त्यांना त्या आसनावर बसविले त्यांच्याच विरुद्ध त्यांना बोलावे लागत होते, आणि तेही अशा लोकांसाठी की ज्यांचा मार्ग त्यांना स्वतःला मान्य नव्हता.

१९४१ मध्ये राजपुतान्यातील देवळी येथील छावणीचा प्रश्न ऐरणीवर आला. निरनिराळ्या प्रांतांतून समाजवादी व साम्यवादी कार्यकर्त्यांना चौकशीविना तेथे आणून ठेवले होते. जयप्रकाश नारायण, श्रीपाद अमृत डांगे ही त्यांतील ठळक नावे. घरापासून शेकडो मैलांवरचे स्थान, बंदिवानांत पाडलेले उच्च-नीच वर्ग, मागे राहिलेल्या कुटुंबांच्या उदरनिर्वाहाची चिंता अशी त्यांची गाऱ्हाणी होती. ऑक्टोबरमध्ये त्यांनी उपोषण आरंभिले. नारायणरावांनी छावणीस भेट दिली, बंदिवानांचे म्हणणे समक्ष ऐकले आणि ते सरकारपुढे ठेवले. अखेर बंदिवानांना आपापल्या प्रांतात परत पाठविण्याचे सरकारला मान्य करावे लागले. त्याच सुमारास राजबंद्यांच्या मुक्ततेची मागणी त्यांनी कायदेमंडळात मांडली. ३ डिसेंबर १९४१ रोजी सरकारने सत्याग्रही बंद्यांना सोडण्याचा निर्णय जाहीर केला व पंडित नेहरू, मौलाना आझाद यांच्यासह सत्याग्रही बाहेर आले. त्या निर्णयास अनेक कारणे होती. युद्ध पूर्वेकडे सरकत होते आणि लोकमत सरकारला हवे होते. एका माणसास त्याचे श्रेय देणे योग्य होणार नाही. परंतु विचारणारे कोणी तरी सभागृहात होते, एवढे मात्र इतिहासात नोंदले गेले.

ही शांतता फार काळ टिकली नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये पुन्हा सर्वत्र धरपकड झाली. आपल्या परिसराला त्या दिवसांची आठवण निराळी सांगावयास नको. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल, ज्यांनी कर्जत भागातील गोरगरिबांसाठी धान्यकोठी चालविली होती, त्यांनी भूमिगत मार्ग स्वीकारला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. विनोबांचा मार्ग एक, कोतवालांचा दुसरा, जोशींचा तिसरा. एकाच जिल्ह्याच्या मातीतून हे तीन मार्ग निघाले. त्यांत कोण मोठा हे ठरविण्याचा आजचा हेतू नाही. परंतु तुरुंगाबाहेर राहून तुरुंगातल्यांची बाजू मांडणारा कोणी असावा लागतो, ही गोष्ट विसरली जाते.

२२ एप्रिल १९४३ रोजी मुंबईच्या केशव तळपदे यांच्या खटल्यात फेडरल कोर्टाने स्थानबद्धतेचा नियम क्रमांक २६ अवैध ठरविला. पण अवघ्या काही दिवसांत वटहुकूम काढून सरकारने तो नियम पुन्हा वैध करून घेतला. न्यायालयाचे शब्द आणि सत्तेची गरज यांत अंतर पडले की कायदा कसा वाकतो, ते या घटनेतून दिसते. म्हणूनच कायदेमंडळातील सततच्या प्रश्नांचे महत्त्व.

आता दुसऱ्या अधिकाराकडे, भाकरीच्या अधिकाराकडे वळू. युद्धाने सक्ती केवळ राजबंद्यांवर केली नाही. १९४० च्या वटहुकुमाने कुशल कारागिरास ठरावीक कारखान्यात कामावर जाण्यास भाग पाडता येऊ लागले. १९४१ च्या वटहुकुमाने आवश्यक सेवेतील माणसाने काम सोडणे हा गुन्हा झाला. जानेवारी १९४२ मध्ये आलेल्या नियम ८१-अ ने संपावर निर्बंध घातले. महागाई तर दिवसेंदिवस वाढत होती. आपल्या कर्जतवरून जाणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरांच्या महागाई भत्त्याची चौकशी करण्यासाठी १९४० मध्ये बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी न्यायालय नेमावे लागले. ‘महागाई भत्ता’ हा शब्द आज प्रत्येक नोकरदाराच्या ओठी असतो. तो रूढ झाला याच युद्धात.

कामगार प्रतिनिधींची या काळातील भूमिका साधी होती. राज्याला मनुष्याकडून सक्तीने काम घ्यावयाचे असेल, तर त्याचे वेतन, आरोग्य व कुटुंब यांची जबाबदारीही राज्याने घेतली पाहिजे. जुलै १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये सरकार, मालक व कामगार यांची त्रिपक्षीय परिषद प्रथमच भरली आणि तिघांनी एका मेजाभोवती बसण्याची प्रथा पडली. १९४२ मध्येच दुकानांतील नोकरांना आठवड्याची सुट्टी देण्याविषयीचा कायदा झाला. १९४३ मध्ये कोळशाची निकड पुढे करून स्त्रियांना खाणीत जमिनीखाली काम करण्याची पुन्हा परवानगी देण्यात आली, तेव्हा कामगार संघटनांनी व महिला संघटनांनी विरोध केला. ती मनाई १९४६ मध्ये परत लागू झाली. कामगारांच्या आरोग्य विम्याविषयी प्रा. बी. पी. अदारकर यांचा अहवाल १९४४ मध्ये आला व त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा घडला. १९४६ मध्ये कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. यांतील प्रत्येक गोष्ट एकट्या नारायणरावांनी केली असे नव्हे. परंतु १९२१ पासून या प्रत्येक प्रश्नावर कामगारांच्या बाजूने अखंड बोलत राहिलेला दुसरा सभासद त्या सभागृहात नव्हता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

या दोन अधिकारांचा परस्परसंबंध काय? देवळीतील बंदिवानांच्या गाऱ्हाण्यांत त्याचे उत्तर आहे. स्वतःच्या मतासाठी तुरुंगात बसण्याचे धैर्य पुष्कळांना असते. घरी मुले उपाशी आहेत हे कळल्यावर मात्र ते धैर्य पोखरू लागते. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून, त्याचा विवेकही हळूहळू दुसऱ्याच्या मर्जीचा होतो. म्हणून ज्यास विवेकाचे स्वातंत्र्य टिकवावयाचे आहे त्याने भाकरीची शाश्वतीही निर्माण केली पाहिजे. उलटपक्षी, पोटभर अन्न देऊन तोंड बंद करणारी व्यवस्था ही कल्याणाची व्यवस्था नव्हे. नारायणरावांनी एका हाताने प्रसूती साहाय्य व भरपाई मागितली आणि दुसऱ्या हाताने स्थानबद्धांची यादी सरकारपुढे धरली, ती या जाणिवेतून, असेच त्यांच्या कार्याकडे पाहताना वाटते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, केंद्र सरकारच्या पहिल्या वेतन आयोगाचे ते सदस्य झाले. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याच घटनेच्या २२ व्या अनुच्छेदात प्रतिबंधक स्थानबद्धतेचीही तरतूद आहे. म्हणजे विवेकाचे दार आणि तुरुंगाचे दार ही दोन्ही एकाच ग्रंथात जवळजवळ आहेत. कोणते केव्हा उघडावयाचे, हे पाहण्यासाठी जागे लोकप्रतिनिधी आणि जागा समाज लागतो.

अशा प्रसंगी धर्मादाय संस्थांनी काय घ्यावे? आहार, औषध, विद्या आणि अभय हे चार प्रकारचे दान आपल्या परंपरेने सांगितले आहे. आहारदान, औषधदान व ज्ञानदान यांची परंपरा आपल्या समाजात चांगली रुजली आहे. अभयदान मात्र बहुधा पांजरपोळापुरते मर्यादित राहते. ते मूक प्राण्यांना द्यावयाचेच. पण ज्या माणसाचे मत आपल्याला पटत नाही, ज्याने लोकप्रवाहाविरुद्ध एखादी गोष्ट बोलून दाखविली आहे, त्यालाही ते द्यावयाचे असते. शिष्यवृत्ती देताना त्याच्या मुलाचा अर्ज बाजूला पडू नये, औषध देताना त्याच्या घराचा उंबरठा चुकवू नये, पंचांच्या बैठकीत त्याची बाजू मांडणारा एक तरी सदस्य असावा. एवढे ज्या संस्थेत होते, तिच्या पन्नास वर्षांना अर्थ प्राप्त होतो. गोरेगावच्या या सुपुत्राने दिल्लीच्या सभागृहात जे केले, ते प्रत्येक गावातील लहानशा बैठकीत करता येण्याजोगे आहे. त्याचे आचरण सर्वांकडून घडो, ही सदिच्छा.

जय जिनेंद्र.